पोलादी घारीची बहीण कुठे गेली

तीर्थरूप मावशीस,

तू ज्याच्या गळ्यात पोलादी घार बांधून निवृत्त झालीस त्या भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडले की लिहिता येत नाही, तेव्हा जोडलेत असं समज.) तुझा खोकला थांबला का, डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस का, आणि शेजारणीशी पुन्हा बोलायला लागलीस का, ते कळव. इकडे सगळे बरे आहेत. फक्त माझी डावीकडची दाढ बरी नाही, आणि मी बरा नाही.

तुझी मूळ कल्पना साधी होती. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस पोलादी पंख चढवतो, ‘पोलादी घार’ होतो आणि शहर वाचवतो. दर महिन्याला चित्रकथेचा एक अंक, शेवटच्या पानावर मारामारी, खलनायक तुरुंगात. एवढ्यावर थांबली असतीस तर आज माझ्या डोक्यावर केस असते. पण तू एका अंकात त्याच्या धाकट्या बहिणीच्या हातात छत्री दिलीस आणि तिला दाराबाहेर काढलंस. ‘चहा निवायच्या आत येते’ म्हणून ती गेली, ती गेलीच. पुढे इतकी वर्षं तू तिचं नाव काढलं नाहीस, आणि वाचकांनी दुसऱ्या कशाचंच नाव काढलं नाही.

या धंद्यातलं एक गुपित मला उशिरा कळलं. आपण जे पेरतो ते कुणाला दिसत नाही, आणि जे सांडतं ते उगवतं. महापौर हाच खलनायक आहे, हे मी दोन वर्षं त्याच्या बंद पडलेल्या घड्याळातून सुचवत होतो. शेवटी उलगडा केला तर पत्रं आली की हे ओढूनताणून आणलंय. उलट रंग भरणाऱ्या बाईंनी एका जुन्या आठवणीच्या चित्रात बहिणीची छत्री चुकून हिरवी केली (आधी ती लाल होती), तर वाचकांत लाल आणि हिरवे असे दोन तट पडले. एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत म्हणे. चित्रकाराने एकदा खलनायकाच्या हाताला सहा बोटं काढली. तो म्हणतो, त्या दिवशी त्याची बायको माहेरी गेली होती. (बोटाचा आणि तिचा संबंध मी विचारला नाही.) पण त्या एका बोटासाठी मला चार अंक लिहावे लागले, आणि लोक म्हणाले, वा, किती आधीपासून ठरवलं होतं.

आता खरी गोष्ट. मागच्या महिन्यात कचेरीचा जिना चढताना भिंतीवर मोठं पोस्टर दिसलं, ‘विशेषांकात उलगडा: बहीण कुठे गेली?’ हा अंक मीच लिहिणार आहे, हे मला त्या पोस्टरवरून कळलं. आमच्या संपादकबाई म्हणाल्या, “तुमच्या डोक्यात सगळं असेलच.” मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली ते त्यांनी पाहिलं नाही. तुला फोन केला, आठवतंय ना? आणि तू शांतपणे म्हणालीस, “अरे, तिची वेणी काढायला चित्रकाराला फार वेळ लागायचा. म्हणून पाठवली बाहेर.” मी होतो तिथेच, पायरीवर बसलो. मावशी, या वेणीवर लोकांनी आपलं तारुण्य घालवलंय.

त्याच आठवड्यात दाढेने डोकं वर काढलं. नवीन दंतवैद्याकडे गेलो. मध्यमवयीन, हलक्या हाताचा माणूस, भिंतीवर जबड्यांची चित्रं. माझ्या तोंडात कापूस कोंबून झाल्यावर त्याने कागदावर व्यवसायापुढे मी लिहिलेलं ‘लेखक, पोलादी घार’ वाचलं आणि यंत्र हातात धरून तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता हाही विचारणार कुठे गेली म्हणून. त्याने विचारलं नाही. म्हणाला, “एक विनंती आहे. ते उत्तर छापू नका.”

मी “अं?” केलं. तेवढंच करता येत होतं.

मग तो दाढ कोरता कोरता सांगत राहिला. त्याची मोठी बहीण लांबच्या शहरात असते. लहानपणी दोघं एकाच पांघरुणात पोलादी घार वाचायची, पान कुणी उलटायचं यावरून भांडायची. पुढे वडिलांच्या घराची वाटणी झाली, वकील आले, नको ते बोलून झालं. “आता दर महिन्याला अंक आला की ती फोन करते,” तो म्हणाला. “माझं विचारत नाही, मुलांचं विचारत नाही. काय वाटतं, कुठे गेली असेल, एवढंच. मी एक तर्क सांगतो, ती खोडून काढते. तुम्ही उत्तर दिलंत की ती कशाला फोन करेल?” मी पुन्हा “अं अं” केलं. त्याने तो होकार धरला, खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, “चूळ भरा.”

एकीकडे संपादकबाईंचं पोस्टर, दुसरीकडे हा माणूस, मधे मी. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही तूच खणलेल्या. बरेच दिवस कोऱ्या कागदासमोर बसलो. कंटाळून शेवटी लिहिलं ते असं. दारावर थाप पडते. पोलादी घार दार उघडतो, समोर बहीण. छत्री ती कुठेतरी विसरून आलीये (दोन्ही तटांना सारखाच त्रास व्हावा, म्हणून). तो विचारतो, कुठे होतीस? ती टेबलावरच्या कपाकडे बघते. “चहा गार झालाय,” म्हणते, “दुसरा टाकते. मग सांगते.” आणि आत जाते. उंबऱ्याशी तिने आणलेली लोखंडी पेटी असते. शेवटच्या चित्रात पेटीच्या आतून कुणीतरी टकटक करतं.

बाईंनी पानं दोनदा वाचली. “हे आधीपासून ठरलेलं होतं?” मी मान हलवली. अंक निघाला आणि पोतंभर शिव्या आल्या. ‘फसवणूक’ हा शब्द बहुतेकांनी शुद्ध लिहिला होता. एकाने मोजून दाखवलं की टकटक सहा वेळा आहे, म्हणजे आत सहा बोटांचा माणूस आहे.

मग दंतवैद्याचा फोन आला. त्याची बहीण इतका वेळ बोलत होती की खुर्चीतला पेशंट आ वासून झोपी गेला. पेटीत कोण, यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. “आणि फोन ठेवता ठेवता,” तो म्हणाला, “तिने विचारलं, तुझी पाठ अजून दुखते का.” मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत फार बरं वाटत होतं.

पण मावशी, मी दमलोय. लोकांच्या घरात काय काय आपल्या भरवशावर चाललंय, हे कळल्यावर माणसाला हलकंफुलकं लिहिता येत नाही. तब्येतीला जप.

तुझा आज्ञाधारक (म्हणूनच अडकलेला)
भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण वर राहून गेलं. मी दोनदा राजीनामा दिला. बाई तो घेत नाहीत. त्यांना वाटतं, तोही कथानकाचा भाग आहे. तेव्हा तू त्यांना खरमरीत पत्र लिही की भाच्याला हे झेपत नाही, त्याला सोडा. तुझं त्या ऐकतील.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलंय. बाईंना अजून काही लिहू नकोस. सकाळी दात घासताना पेटीत काय आहे ते मला कळलं. फार चांगलं आहे. पण ते नीट फुलवायला सात-आठ वर्षं लागतील आणि पहिला धागा पुढच्याच अंकात टाकायला हवा. काय आहे ते तुलाही सांगणार नाही, विचारू नकोस. फक्त तोवर कुठे जाऊ नकोस. जमलंय की नाही ते सांगायला मला तूच लागणार आहेस.