टोपल्यातल्या भाकरी

अक्का,

मी चिटगुप्प्याला डॉक्टरकडं निघाले. टोपल्यातल्या कडक भाकरी तशाच राहू दे. "दुपारी तूच केल्यास की, गाणं म्हणत," असं तू काल म्हणलीस. मला वाटलं, थट्टा करायलीस. सांधेवातानं माझ्या बोटांची मूठ बी वळत न्हाई. आज एक भाकर उजेडात धरून बघितली. तिच्यावर माझ्याच वाकड्या करंगळीचा ठसा हाय. मला काहीच याद न्हाई.

मनाच्या आजारावरच्या पहिल्या गोळीनं उलट्या झाल्या, दुसरीनं नुसती झोप. ही तिसरी तेवढी सोसली, रडू थांबलं. भाकरीचं सांगितलं तर डॉक्टर हीबी बंद करतील. म्हणून सांगणार न्हाई. तूबी सांगू नको.

माझ्यातली ती भाकरी करणारी परत चुलीपुढं बसली, तर तिला एवढं विचार, तिचे हात दुखतेत का.

शिवकन्या