मोठ्यानं वाच, दादा

नेरूळ, नवी मुंबई
१६ जानेवारी १९८७

ती. दादा,

नमस्कार. आईच्या पायांवर इथूनच डोकं ठेवते. तिळगूळ वेगळ्या डब्यातून पाठवलाय. वड्या यंदा कडक झाल्यात, आईला दुधात बुडवून दे. वहिनीला सांग, पाक माझ्याच्यानं कधीच साधायचा नाही. इकडे सगळे खुशाल.

हे पत्र तू नेहमीसारखं जेवणं झाल्यावर आईला मोठ्यानं वाचून दाखवणार, हे धरूनच लिहितेय. तुझी खोड मला ठाऊक आहे. नंदिनीला टायफॉइड झाला होता तेव्हा तू नेमकी तेवढीच ओळ गाळलीस. दोन महिन्यांनी आम्ही मिरजेला आलो तर आई विचारतेय, "माली, पोर एवढी वाळली कशानं?" या वेळी काही गाळू नकोस. बातमी अशी की तुझी धाकटी बहीण, वय वर्षं त्रेचाळीस, नाकावर चाळिशी, घोड्यावर बसायला शिकतेय.

हसून घ्या सगळे. मग पुढे वाच.

माझ्या शाळेमागं मोकळा प्लॉट आहे. इथं सगळे प्लॉट मोकळेच. रस्ते एवढे रुंद की दोन हत्ती शेजारी चालतील, आणि दिवसभरात जातात चार गाड्या. त्या प्लॉटवर एक पांढरी घोडी चरत असते. नाव मैना. करावे गावातल्या काशीबाईची. नवरा वरातीला घोडी द्यायचा. तो गेल्यावर भाऊबंद म्हणाले, विकून टाक. बाईनं विकली नाही. आता पासष्टीची आहे आणि घोडीपुढं स्वतः चालते.

मी डब्यातली उरलेली चपाती मैनेला घालत होते, तर मागून ओरडा आला. "अगो मास्तरीन बाय, तिच्या पोटात कल येल! हिरवा घाल नायतर हात फिरव नि जा." मी हात फिरवला, पण गेले नाही. अशी ओळख झाली. बाईचे गुडघे धरलेत. लगीनसराई नसली की घोडीला फिरवायला कुणी नसतं, नुसती उभी राहून तिचे पाय सुजतात. मी म्हटलं, मी फिरवते. महिनाभर नुसती दोरी धरून फिरवली, मग एक दिवस बाई म्हणाली, "आता बस."

मी आयुष्यात पहिल्यांदाच बसतेय, असं तिला सांगितलंय.

बाईचे नियम कडक आहेत. आधी मानेवर हात ठेवून उभं राहायचं. मैनेनं कान आपल्याकडे वळवला की मगच चढायचं. खोगिराखाली रोज हात घालून बघायचं, कुठं काचलंय का. लगाम ओढला की हातावर चापट. "तिचं तोंड हाय ता, हिरीची दोरी नाय!" आणि घर दिसायला लागलं की उतरायचं, पोटाखालचा तंग सैल करायचा आणि उरलेली वाट तिच्या शेजारी पायी चालायची. "तू बसलीस तवर तिनं तुजं वजन घेतला. आता तिला जरा मोकली चालू दे."

नंदिनीची सलवार घालून जाते. सोसायटीतल्या बायकांना फार टेन्शन आलंय. हे म्हणाले, "शिकायचंच तर स्कूटर शीक, तिला चारा लागत नाही." पण परवा मैना पहिल्यांदा दुडकी चालली. खाडीकडून वारा येत होता आणि मी तिच्या पाठीवर अशी वरखाली होत होते की चष्मा पडला, अंबाडा सुटला. दादा, मी एकटी मोठमोठ्यानं हसत होते. वर्गातली पोरं बघत असती तर माझा उरलासुरला धाक संपला असता.

तू एकदा येऊन जा. आपल्या टांग्याच्या घोडीचं, चंद्रीचं, तुझ्या हातून झालं ते झालं. त्याला बत्तीस वर्षं होऊन गेली, तू अजून टांगा दिसला की रस्ता बदलतोस. मला त्यातलं फारसं आठवतही नाही, मी लहान होते. पण मैना गरीब आहे. ये.

तुझी
माली


नेरूळ
८ मार्च १९८७

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. या वेळी पत्र तुझ्या नावानं आहे, म्हणजे दादाला ते तुझ्यासमोर फोडावं लागेल. पाकीट जड आहे. त्याला आधी पाणी पिऊ दे.

गेल्या रविवारी काय झालं ते सांगते. मी मैनेला घेऊन सारसोळ्याच्या बाजूला गेले होते. आज तू एकटीच जा, म्हणून बाईनंच पाठवलं होतं. परतताना गावातून बँड वाजला. मैनेचे कान ताठ झाले. अगं, ती वरातीची घोडी! बारा वर्षं तिला एकच शिकवलंय, बँड वाजला की त्याच्या मागं जायचं आणि नाचायचं. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. ती वळली आणि मला घेऊन थेट वरातीत घुसली. नवरदेव बिचारा हार घातलेल्या जीपमध्ये बसलेला. मी पांढऱ्या घोडीवर, पोरीच्या सलवारीत, चष्मा लावून.

माझी पाचावर धारण बसली. हात आपसूक लगाम ओढायला गेले, टाच तिच्या पोटात रुतायला लागली. आणि आई, त्याच क्षणी मला दुसरीच घोडी आठवली. मी हात सैल सोडले. टाच काढली. तिच्या मानेवर तळवा ठेवून म्हटलं, "चल बये, तुझंच काम आहे, तू कर."

मैना नाचली! पुढचे पाय उचलून, मान वाकवून, एवढ्या गर्दीत एकाही पोराला धक्का न लावता. मला वर नुसतं बसून राहायचं होतं. मांडवाच्या दारात येऊन ती थांबली, तशा आतून बायका तांब्या घेऊन आल्या, तिच्या खुरांवर पाणी घातलं, भिजवलेली चण्याची डाळ चारली आणि एकीनं मलाही कुंकू लावलं. नवरदेवाची आई म्हणाली, "बरा झाला बाय आलीस, घोरी मिलतच नव्हती." मग नवरदेव जीपमधून उतरला, मी घोडीवरून उतरले, आणि त्या पठ्ठ्यानं घोडीवर बसून फोटो काढून घेतला.

काशीबाई धापा टाकत आली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. ती आधी मैनेच्या तोंडाशी गेली, लगामाच्या कडीनं ओठ कापलाय का बघितलं. मग माझ्याकडे वळली. "हात सोरलास म्हनून निभावला. पन खरा सांग. पयल्यांदा बसतेस असा बोल्लीस ता खोटा हाय ना? तुजे पाय घोरीला वलखतान."

मी तिथंच मांडवाबाहेर, मैनेची मान धरून, तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावाला म्हायती हाय. बाप तर गेला. आयेला?"

म्हणून हे पत्र.

आई, चंद्री लंगडी झाली तो दिवस तुला माहीत आहे तसा नव्हता. बाबा दुपारी टांग्यातच आडवे झाले होते. चंद्रीला मी सोडलं. मी अकरा वर्षांची होते, काही इतकी लहान नव्हते. कट्ट्यावरून तिच्या पाठीवर बसले आणि खुंटीवरचा चाबूक घेतला. नदीच्या घाटाच्या उतारावर ती थांबली. खाली चिखल आहे हे तिला कळत होतं. मला भरधाव जायचं होतं. मी तिला मारलं, चार-पाच वेळा मारलं. मग ती निघाली आणि घसरली. दादा मागून धावत आला, त्यानं तिला उठवलं आणि माझ्या हातातला चाबूक काढून घेतला.

घरी आलो तेव्हा चंद्री लंगडत होती, चाबूक दादाच्या हातात होता आणि मी तुझ्या पदरामागं होते. बाबांनी विचारलं, "कुणी?" दादा म्हणाला, "मी."

चंद्री पुन्हा टांग्याला लागली नाही. बाबांनी दादाला जन्मात घोड्याला हात लावू दिला नाही. शीळ ऐकून चंद्री ज्याच्याकडे यायची, तो पोरगा सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसला, आणि अजून बसतोय. तू आल्यागेल्याला सांगतेस, "आमच्या श्यामनं घरची लक्ष्मी लंगडी केली." तू ते सांगतेस तेव्हा कितीदा तरी मी शेजारी बसून चहा प्यालेय. मला लाज वाटते, आई. फार वाटते. बाबांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.

पाडव्याला मी मिरजेला येतेय. जाताना दादाला घेऊन जाणार. काशीबाई म्हणाली, "आन त्याला. मानेवर हात ठेवून उबा राहू दे. मैना कान वलवते का बगू." ती वळवेल, मला खात्री आहे.

आता दादा, तुला. इथवर मोठ्यानं वाचलं असशील तर माझा तुला नमस्कार. मधलं गाळलं असशील तर मागं जा आणि पुन्हा वाच. गुढी उभारली की मी सगळ्यांदेखत आईला एकच विचारणार आहे, "चंद्रीला कुणी मारलं?" तिच्या तोंडून माझं नाव आलं पाहिजे.

चाबूक जिच्या हातात होता ती,
तुमची
माली