समोरच्याचा पाट

गुरुजी,

तुम्ही दिलेला पाट सध्या माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याखाली आहे. लगेच रागावू नका. पडदा टेबलावर फार खाली येत होता, मान आखडायची, आणि घरात तेवढ्या उंचीचं, न डुगडुगणारं दुसरं काही सापडलं नाही. तुम्ही होतात तेव्हा जालन्यात कॉम्प्युटर असलाच तर एखाद्या बँकेत असायचा, गार खोलीत, आणि त्याच्या दर्शनाला चपला बाहेर काढून जावं लागे. आता तो घरोघर झालाय आणि चपलांचं बंधन उरलेलं नाही. त्याच्यावर मी रोज संध्याकाळी वाद घालतो. ज्यांना कधी पाहिलं नाही, ज्यांची खरी नावंही ठाऊक नाहीत, अशा माणसांशी. कुणी पुण्यात असतो, कुणी अमेरिकेत, आणि बरेचसे ऑफिसात, साहेबाची पाठ वळल्यावर. तुम्ही आम्हाला शिकवलं होतं की सत्य सापडावं म्हणून बोलणं तो वाद, जिंकावं म्हणून बोलणं तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न सांगता दुसऱ्याचं नुसतं मोडत बसणं ती वितंडा. इंटरनेटवर यातल्या शेवटच्या दोन गोष्टी मुबलक मिळतात. पहिलीची आपल्याकडच्या पाण्यासारखी टंचाई आहे.

लिहायला बसलो त्याला कारण आहे. गेल्या वर्षी तुमच्या शिकवणीमुळे माझी चांगली फजिती झाली, आणि त्या फजितीतून परभणीकडच्या एका बापाचा प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं मुलीचा कॉम्प्युटर कपाटात कोंडला होता, आणि जवळजवळ मुलीलाही. कपाट उघडू का नको, असं तो मला विचारत होता. तुम्हाला विचारून सांगावं म्हटलं तर तुम्ही नाही. मग तुमच्याच पद्धतीनं जमेल तसं केलं. ते बरोबर केलं का, एवढंच विचारायचंय, पण आधी सगळं क्रमानं सांगतो, नाहीतर म्हणाल, सूत्राआधी भाष्य कशाला.

ती टीव्हीची वादसभा आठवते? जाफराबादला टीव्ही येणार अशी तेव्हा नुसती हवा होती. गावात टीव्ही यावा की येऊ नये, असा विषय तुम्ही शाळेत ठेवला. मी यावा म्हणणारा. माझ्या विरुद्ध उभा होता तो शेजारच्या खेड्यातून चालत येणारा, सावकाश बोलणारा माझा वर्गमित्र. तो म्हणाला, "माझ्या आजाला ऐकू येत न्हाई. माणसाच्या तोंडाकडं बघून त्याला बोलणं समजतं. टीव्ही आला तर घरातले सगळे तिकडं तोंड करून बसतील. मंग आजाशी कोण बोलंल?" एवढाच त्याचा मुद्दा. मी उठलो आणि म्हणालो, "मग आजोबांनीही टीव्हीच बघावा. तिथे तर नुसती तोंडंच दिसतात!" सगळा वर्ग खो खो हसला. मास्तर लोकही हसले. तो खाली बसला. तुम्ही हसला नाहीत. बक्षिसाचा पेन टेबलावर होता तो तुम्ही उचललात, स्वतःच्या खिशाला लावलात आणि म्हणालात, "रविवारी दोघं घरी या."

तुमचं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. काकू चुलीपुढे भाकरी थापतायत, तव्यावर हिरव्या मिरच्यांचा ठसका उठतोय, आणि मधे दोन पाट समोरासमोर मांडलेत. तुम्ही भिंतीला टेकून बसलायत. वर्गातली तुमची मराठी छापील पुस्तकासारखी होती, पण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला की अस्सल जाफराबादी. "तो बसला म्हणून तू जिंकला असं समजून राह्यला काय?" तुम्ही विचारता. "माणूस दोन कारणांनी खाली बसतो. पटलं म्हणून, न्हाई तर लाज वाटली म्हणून. तू त्याला गप्प केलं. पटवलं न्हाई. ऊठ. त्याच्या पाटावर बस, आन त्याचं म्हणणं तू मांड. तो बराबर म्हणंपर्यंत तुला भाकरी न्हाई."

मला वाटलं, हा तर हातचा मळ. मी त्याच्या पाटावर बसलो आणि ऐटीत सांगितलं की आजोबा बिचारे वृद्ध आहेत, असहाय आहेत. तो मान हलवून म्हणतो, "न्हाई. आजा बिचारा न्हाई. लई चिडका हाय." पुन्हा मांडलं. "न्हाई. त्याला करमणूक नको, त्याला भांडायला माणूस पाहिजे." काकू चुलीपुढून म्हणतात, "अहो, लेकराला खाऊ तर द्या," आणि तुम्ही म्हणता, "त्याचा आजा उपाशी हाय, तो जेवला की हा जेवंल." शेवटी मी म्हणालो की आजोबांशी रोज कुणीतरी समोर बसून भांडायला पाहिजे, नाहीतर आपण घरात आहोत हेच त्यांना कळणार नाही. "बराबर," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि माझे मिरचीमुळे, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. भाकरी गार झाली होती, पण तेवढी गोड भाकरी मी पुन्हा खाल्ली नाही.

मी औरंगाबादला संस्कृत शिकायला निघालो तेव्हा निरोप घ्यायला आलो. मला वाटलं होतं, एखादा कोश तरी मिळेल. तुम्ही तो पाट काढून हातात दिलात. काकू म्हणाल्या, "अहो, हॉस्टेलात खाट असती, पाट कशाला देऊन राह्यले?" "बसायला न्हाई देत," तुम्ही म्हणालात. "मंग?" "समोर ठेवायला." एवढंच. मी एसटीत तो पाट मांडीवर घेऊन बसलो, आणि कंडक्टरनं सामानाचं तिकीट लागेल म्हणून घोळ घातला.

पुढे संस्कृतात पदवी घेतलेल्या माणसाचं जे होतं ते झालं. मी नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीत लागलो. पाकिटामागचा मजकूर लिहितो. "पेरणीपूर्वी बियाण्यास प्रक्रिया करावी" हे वाक्य माझं आहे. तेवढ्या वाचकांपर्यंत आपले कवीही पोचले नसतील, आणि पाऊस पडला नाही तर माझ्याइतक्या शिव्याही कुणाला मिळत नाहीत. पाट स्वयंपाकघरात गेला आणि त्यावर पिठाचा डबा बसला. संध्याकाळी मी स्टेशनजवळच्या एका इंटरनेट कॅफेत जायला लागलो. पूर्वी ते एसटीडीचं दुकान होतं, काचेची केबिन अजून तशीच उभी होती. तिथे मला मराठीतलं एक चर्चास्थळ सापडलं.

गेल्या वर्षी एके दिवशी काही लोकांच्या अनुदिन्या उघडेनाशा झाल्या. रोजचं लिखाण जिथे टाकतात त्याला तिथले लोक अनुदिनी म्हणत, शब्द तुम्हाला आवडला असता. सरकारनं बंद केल्या म्हणून चर्चास्थळावर रण पेटलं. बहुतेक सगळे स्वातंत्र्याच्या बाजूचे, मीही. समोर एकटाच एक गृहस्थ, टोपणनाव 'लगाम'. त्यांचं म्हणणं, खऱ्या नावाशिवाय कुणाला काही लिहूच देऊ नये, आणि घाण दिसली की सरकारनं त्याच दिवशी टाळं ठोकावं. लोक त्यांना धुऊन काढत होते. मला तुमची आठवण आली. मी ठरवलं, या माणसाला शास्त्रानं हरवायचं. आधी त्याचा पूर्वपक्ष, म्हणजे त्याचंच म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडायचं, आणि मग खंडन. मी लिहिलं की रस्त्यावर दगड मारणारा निदान पळताना दिसतो, इथे दगड लागतो आणि हात दिसत नाही, आणि ज्याला लागला त्यालाच लोक विचारतात की तू तिथे कशाला गेला होतास. मन लावून लिहिलं. पाठवलं. आता उत्तरपक्ष लिहायला घेणार, तेवढ्यात लाइट गेली.

"अरे, माझं अर्धंच गेलंय!" मी अंधारात ओरडलो.

"सर, अर्धं तर गेलं ना?" कॅफेवाला म्हणाला. "बाकीच्यांचं तेवढंबी न्हाई गेलं. आता उद्याच या."

दुसऱ्या दिवशी कंपनीनं मला जाफराबादकडे शेतकरी मेळाव्याला पाठवलं. परत येऊन बघतो तर मी देशद्रोही नव्हतो एवढंच. बाकी सगळं होतो. सरकारी पोपट, हुजऱ्या. एकानं तर मी म्हणजेच 'लगाम', दुसऱ्या नावानं आलेला, हे पुराव्यासकट सिद्ध केलं होतं. आणि स्वातंत्र्याच्या बाजूच्या मंडळींनी मागणी केली म्हणून चालकांनी माझं लिहिणं बंद केलं होतं. गुरुजी, तुमच्या हयातीत पूर्वपक्ष मांडल्याबद्दल कुणाला वाळीत टाकल्याचं मला तरी आठवत नाही. त्या सगळ्या गदारोळात एक खाजगी निरोप होता, 'लगाम' यांचा. "माझं म्हणणं माझ्यापेक्षा बरोबर मांडलंत. एकाला तरी कळलं. फोन करू का?"

"नमस्कार, लगाम बोलतोय," असा फोन मला आयुष्यात पहिल्यांदाच आला. मी घरी स्वयंपाकघरात उभा होतो. ते शाळेत गणित शिकवणारे निघाले. ही रचलेली कथा असती तर ते माझे तेच जुने वर्गमित्र निघाले असते. तसं काही नाही, ते परभणीकडचे. त्यांनी सांगितलं की मुलगी इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे. कुणीतरी तिच्या नावानं इंटरनेटवर खोटं पान उघडलं, तिचा फोटो टाकला, खाली नको ते लिहिलं आणि घरचा फोन नंबर दिला. दिवसरात्र फोन आले. ठरत आलेलं लग्न मोडलं. त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरच्या वायरी उपटल्या, तो लोखंडी कपाटात टाकला आणि किल्ली जानव्याला बांधली. तेव्हापासून मुलगी कॉलेजात जात नाही, बोलतही नाही. "आता तुम्हीच सांगा सर, कपाट उघडू का नको?"

माझा उत्तरपक्ष तयार होता, गुरुजी. धारदार होता. पण पिठाच्या डब्याखालून तुमचा पाट दिसत होता.

"मुलीचं म्हणणं काय आहे?" मी विचारलं.

"ती काय म्हणणार? रडते."

"रडण्याआधी काय म्हणाली?"

"लग्न मोडल्याचं दुःख आहे हो तिला."

"असं ती म्हणाली?"

"म्हणायला कशाला पाहिजे? बाप आहे मी तिचा!"

"सर, मी तुमचं म्हणणं मांडलं, तुम्ही बरोबर म्हणालात. तसं तुम्ही तिचं मांडा. तिच्यासमोर बसून. ती बरोबर म्हणेपर्यंत. कपाटाचं मग बघू."

"आणि ती न्हाई म्हणाली तर?"

"तर पुन्हा मांडा."

"तुम्ही वकील आहात का?"

"नाही. बियाण्यात आहे."

फोन ठेवण्याआधी मी त्यांना तुमच्या दोन पाटांची गोष्ट सांगितली. पुढे काही दिवस मला चैन नव्हतं. परक्याच्या घरात पाट मांडायला सांगणारे आपण कोण? पोरीनं काही बरंवाईट केलं तर? मग एका दुपारी ऑफिसात फोन आला. बाईमाणसाचा आवाज, तरुण.

"काका, तुम्ही पप्पांना काय सांगितलं?"

"का गं?"

"रोज शाळेतून आले की माझ्यासमोर बसतात आणि माझंच म्हणणं मला सांगतात. तेबी चुकीचं! आधी म्हणाले, तुला लग्न मोडल्याचं दुःख आहे. मी म्हटलं, न्हाई, तो मुलगा मला बिलकुल आवडला नव्हता. मंग म्हणाले, तुला लोकांची भीती वाटते. न्हाई. मंग म्हणाले, कॉलेजात जायचंय तुला. म्हटलं जायचंय, पण ते न्हाई."

"मग काय?"

"ज्यानं ते पान उघडलं तो अजून लिहून राह्यलाय, काका. पान उघडंच आहे. बंद फक्त मी आहे."

समोर पाकिटाचा मजकूर होता, त्यावर नुसता हात ठेवून बसलो.

"हे पप्पा म्हणाले?" मी विचारलं.

"काल म्हणाले. असंच्या असं. मंग मी म्हटलं, बराबर."

दोघं मिळून ठाण्यात गेले. तक्रार तिनं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या शब्दांत लिहिली. बापानं कागद हातात घेऊन दुरुस्त करायला सुरुवात केली तेव्हा, "पप्पा, पाट!" असं ती म्हणाली म्हणे, आणि ठाण्यातल्यांना काही कळेना. पान यथावकाश निघालं. ती कॉलेजात जाते. कपाटात आता गोधड्या आहेत. 'लगाम' अजूनही लगामच्याच बाजूचे आहेत, मी अजून मोकळ्या रानाच्या. चालकांनी मला परत घेतल्यापासून आम्ही पुन्हा भांडतो. पण आता ते माझा पूर्वपक्ष मांडतात, आणि माझ्यापेक्षा बरा मांडतात, हे फार चीड आणणारं आहे.

मग मी कॉम्प्युटर घेतला आणि डब्याखालचा पाट काढून पडद्याखाली ठेवला. जो कोणी बोलायला येतो तो त्या पाटावर बसूनच बोलतो. समोर ठेवायलाच दिला होतात ना?

परवा जाफराबादच्या बसस्टँडवर तो वर्गमित्र भेटला, डोक्यावर सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी, आमच्याच कंपनीची. आजाचं विचारलं. म्हणाला, "आजा गेला त्याला लई वर्सं झाली. पण टीव्ही आल्यावर काय केलं त्यानं ठावं हाय? टीव्हीच्या बुडाशी, टीव्हीकडं पाठ करून बसायचा. सगळे टीव्हीकडं बघायचे, त्याला वाटायचं त्याच्याकडंच तोंड करून बसलेत. चुकून कुणी हसलं की लगेच भांडायचा. मरंपर्यंत खूश होता."

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही, आणि पत्ता नाही हे त्याचं खरं कारण नव्हे, ते शेवटच्या ओळीत आहे. गुरुजी, तुम्ही शिकवलंत ते सगळं मला पटलं, आणि खाली बसलो तो लाज वाटली म्हणून नव्हे. पण टीव्हीच्या त्या वादात मीच जिंकलो होतो असं मला अजूनही वाटतं, आणि तो पेन माझा होता.