उजव्या हाताचा मोजा

३ मार्च, सोम.
लॅबचं काम होतंच, आजपासून सेफ्टीचं रजिस्टरही माझ्याकडे. मॅनेजर म्हणाले, "बेन, तमे भणेला छो, तमे करो." शिकलेली आहे म्हणून; बी.एस्सी.चा मिलमध्ये असा पहिलाच उपयोग.
रकाने : नाव, हातमोजे – हो, नाही. कलर किचनमध्ये, म्हणजे छपाईचा रंग कालवतात तिथे, अकरा माणसं. मला येताना बघून दहा जणांनी मोजे घातले. अकरावे आप्पा.
वडील म्हणून सोडता येत नाही. लिहिलं, नाही.

४ मार्च
जेवताना विचारलं. आप्पा म्हणाले, "हातले जे समजस ते मोजाले समजत नही, माय." छपाईच्या पेस्टमध्ये गाठ राहिली का, पातळ झाली का, ते बोटांत चोळून सांगतात. छपाईचा मास्टर म्हणतो, इनकी उंगली मशीन से सच्ची है. आप्पा हे घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवतात.

५ मार्च
सुटी व्हायच्या वेळी मी नळावर गेले. कापडावरचा रंग उतरवायची हायड्रो पावडर. सगळे मूठभर घेऊन हात चोळतात. रंग जातो, वरची कातडीही. आप्पांच्या बोटांना भेगा, त्यात लाल.
शाळेत निकालाला आप्पा यायचे तेव्हा हाच उग्र वास यायचा. स्वच्छ हातांचा वास असाच असतो असं मला वाटायचं.

६ मार्च
हायड्रोचा ड्रम कोठीत. कुलूप. चावी माझ्याकडे. नळावर साबण ठेवला.
"मॅडम, अब बीवी घर में घुसने नहीं देगी," एक जण.
"पहले कौन सा देती थी," दुसरा.
हसले सगळे. साबणाने निळा रंग जात नाही, हे मला माहीत होतं. हात रंगले की मोजे घालतील, असा हिशोब.

७ मार्च
हिशोब आप्पा सोडून दहा जणांचा जमला.

८ मार्च, शनि.
उद्या धाकट्या बहिणीला, मनीषाला, बघायला उधन्याहून पाहुणे. आप्पांनी घरात चावी मागितली. "आजना दिन दे. आसा हात लीसन पाव्हनास्ना म्होरे बसू का?"
दिली नाही. एकदा दिली की...
मनीषा म्हणाली, "ताई, नियम माझ्याच पाहुण्यांपासून सुरू करायचा होता का?"

९ मार्च, रवि.
सकाळपासून आप्पांचं हात घासणं. लिंबू, राख, शेवटी विटेचा तुकडा. निळा तसाच, नखांत जास्त.
मुलाचे काका म्हणाले, "तुमच्याकडे होळी लवकर आली वाटतं." सगळे हसले, आप्पाही. हात मांडीखाली. चहा घेतला नाही आप्पांनी, कपात साय धरली.
बोटांचा दोष कुणी काढला नाही. कळवतो म्हणाले.
पाहुणे गेल्यावर कप उचलताना हात नीट पाहिले. विटेने खरवडले आहेत, पण जुन्या भेगा मिटायला लागल्या आहेत. हे कुणाला सांगायची आज सोय नाही.

१० मार्च
आप्पा लॅबच्या खिडकीशी आले. मिलमध्ये मला मॅडमच म्हणतात. "मॅडम, मोजा."
जोड दिला. डावा तिथेच घातला. उजवा घडी करून खिशात.
"आणि तो?"
"पेस्टले एक हात लागस."
गेले.
उधन्याहून फोन नाही. चावी माझ्या पर्समध्ये आहे. रजिस्टरात हो आणि नाही, दोनच रकाने. दहा नावं भरून झाली, अकराव्यासमोर पेन ठेवलंय.