दूध सोडलं त्या दुपारी

१२ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? गोठ्यातली ती शेवाळलेली पायरी खरवडून घेतलीस का, की अजून ‘उद्या बघू’ चाललंय? आम्ही दोघं ठीक आहोत. फोन केला की तू “धारा काढायच्यात” म्हणून ठेवून देतेस. भर दुपारीही तुझ्या धारा! म्हणून शेवटी कागद घेतला. कागदसुद्धा तू मध्येच ठेवून देऊ शकतेस म्हणा, पण निदान मला कळणार तरी नाही.

आमच्याकडची बातमी एवढीच की ह्याला लिफ्टच्या कंपनीनं एका उंच इमारतीचं काम दिलंय. दिवसभर लिफ्टच्या पोकळीत लोंबकळतो आणि संध्याकाळी येऊन मी वाढीन ते मुकाट्यानं खातो. “यातलं जास्त धोक्याचं काय?” असं मी विचारलं तर म्हणाला, “तिकडे निदान दोर तरी असतो.”

हसलीस का? हसली असशील तर पुढचं वाच.

हो, अजून चालू आहे. दूध नाही, दही नाही, लोणी नाही, चीज नाही, अंडी नाहीत, मधसुद्धा नाही. हे खूळ दोन आठवड्यांत उतरेल असं तू ह्याला फोनवर म्हणाली होतीस म्हणे. उतरलं नाही बाई. पहिल्या दिवशी चहात ओटचं दूध घातलं तर ते फाटून वर गोळे तरंगायला लागले. हा कपात डोकावून म्हणाला, “चहा आहे की हवामान?” आता जमतं. दूध आधी कोमट करायचं, चहा जरा निवू द्यायचा. काजू वाटून चीज केलं, ते भिंतीत भरायच्या लांबीसारखं झालं. ह्यानं खरोखर खिळ्याच्या एका जुन्या भोकात भरून पाहिलं. छान बसलं.

चामड्याच्या चपला, पर्स, लोकरीची शाल, पिसांची उशी, सगळं एका शनिवारी पिशव्यांत भरून देऊन टाकलं. ह्यानं आपला पट्टा तेवढा परत काढून घेतला. “माझी पँट तत्त्वावर उभी राहत नाही,” म्हणाला.

बेकरीत मात्र अवघड गेलं. मालकीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “लोण्याला हात लावायचा नाही आणि काम बेकरीत! म्हणजे पोहायचंय, पण पाण्यात उतरायचं नाही.” पण काढून टाकलं नाही. पावाच्या टेबलावर लावलं, जिथं नवख्यांना लावतात. पदरांच्या पेस्ट्रीचं काम इतकी वर्षं माझं होतं, तुला माहीतच आहे. लोण्याची लादी कणकेत गुंडाळायची, लाटायची, घडी घालायची, गार करायची, पुन्हा लाटायची. आता ते दुसरी करते. तिचे पदर जाड होतात, मला लांबूनही दिसतं. माझ्यापुढं पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. हातांना आता कसलाच वास येत नाही. घरी येऊन सवयीनं हात नाकाशी नेते आणि मग आठवतं.

खोटं कशाला बोलू, आठवण येते. चवीची नाही. तुझ्या स्वयंपाकघराची. मोठ्या पातेल्यावर साय धरायची, तू ती बोटानं अलगद उचलून माझ्या तोंडात घालायचीस आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायचीस, जणू आपल्याला पकडायला घरात आणखी कोणी होतं. आई गेल्यावर दोघीच तर राहत होतो आपण. तरी चोरूनच खायचो.

त्या दुपारी मी तुझ्याकडून तशी तडकाफडकी निघाले, तुझ्या हातातला पेला तुझ्याच हातात राहिला, त्याचं कारण कधीतरी लिहीन. आज नको. ठिपकी कशी आहे? आणि तिचं वासरू?

तुझी,
धाकटी


२० सप्टेंबर

धाकटे,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. पायरी खरवडली. गुडघा आहे तिथेच आहे.

मला लिहायची सवय नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस. ठिपकी बरी आहे. भरपूर दूध देते. ‘दूध’ हा शब्द तुझ्या घरी चालतो ना अजून?

हसले, नाही म्हणत नाही. लांबीचं वाचून तर मोठ्यानं हसले, गाईंनी माना वळवून पाहिलं. पण मग संध्याकाळभर रागच आला. आई गेली तेव्हा तू माझ्या कमरेइतकीसुद्धा नव्हतीस. या गोठ्यावर तुला वाढवलं. तुझी शाळा, तुझे कपडे, बेकरीचं शिक्षण, तुझं लग्न, सगळं बादलीतूनच आलं. आणि तू माझ्याच अंगणात उभी राहून मला सांगतेस, “ताई, मी दूध सोडलं. सगळंच सोडलं,” आणि पिशवी उचलून बस गाठतेस. मी पेल्यात काय विष आणलं होतं? दूध न्यायला येतो तो टँकरवाला विचारत होता, बहीण एवढ्यात कशी गेली? म्हटलं, काम निघालं. मी उभ्या आयुष्यात त्याच्याशी खोटं बोलले नव्हते.

तू मला तोंडानं काही बोलली नाहीस. पण ठिपकीकडे पाहत होतीस आणि तिथून नजर उचलून माझ्याकडे पाहिलंस. मी कसाई आहे असं पाहिलंस. ते काही माझ्या मनातून जात नाही. मी गाईंना कधी काठी लावलेली नाही. आजारी वासरू मी चुलीपाशी निजवते, तुझ्याच जुन्या गोधडीत.

लोकरीचं सगळं देऊन टाकलंस म्हणतेस. हिवाळ्यात मी विणलं होतं त्या लहान कपड्यांचं काय केलंस, ते मी विचारत नाही. जावयांनी सांगितलंय तो विषय काढायचा नाही. दवाखान्यातल्या बाईंनीही तेच सांगितलं. मी काढला नाही. काढणार नाही.

कारण कधीतरी लिहीन म्हणतेस. आता लिहीच. चिडलेली आहे मी, पण तुझी वाट बघणं काही सुटत नाही. पाचची बस वळणावर आली की मान आपोआप तिकडे जाते.

ताई


२९ सप्टेंबर

ताई,

आज मला सुट्टी आहे, हा कामावर गेलाय. पत्राचे दोन कागद फाडून झाले. हा तिसरा.

तू विचारत नाहीस, म्हणून मीच सांगते. ते कपडे मी दिले नाहीत. शाल दिली, उशी दिली. पण स्वेटर आणि मोजे कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत, तू बांधून दिलेल्याच पिशवीत. लोकर आहे हे मला माहीत आहे. असू दे. टोपी मात्र नाही त्यात. घर पालथं घातलं, सापडली नाही.

आता त्या दुपारचं.

बाळ आधी गेलं आणि मग जन्मलं. हा क्रम मला अजून डोक्यात नीट लावता येत नाही. घरी आल्यावर मला दूध आलं, ताई. नर्सनं बजावलं होतं, “येईल. घट्ट बांधून ठेवा, पिळू नका, आपोआप आटेल.” सगळ्यांना सगळं कळलं होतं, फक्त माझ्या अंगालाच कोणी कळवलं नव्हतं. ते आपलं कामाला लागलं होतं.

तुझ्याकडे विश्रांतीला आले तेव्हाही ते आटलं नव्हतं. तुला सांगितलं नाही. टॉवेल मी स्वतः धुवायचे, मागच्या तारेवर वाळत घालायचे. तू म्हणायचीस, “शहाणी झालीस, कामं स्वतः करतेस.” तू मला दिवसातून दहा वेळा खायला घालत होतीस, हवापाण्याच्या गप्पा मारत होतीस आणि तिचं नावही काढत नव्हतीस. मीही काढत नव्हते. मला वाटायचं, तू विसरलीस.

ठिपकीला व्यायलेली आठवडा झाला होता आणि त्या दिवशी सकाळी नेहमीसारखं तू वासरू पलीकडच्या शेडमध्ये नेलंस. हे मी लहानपणापासून पाहत आलेय. वासरांना बादलीतून दूध पाजायला तर मीच जायचे, मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दुपारी मात्र ठिपकी फाटकापाशी उभी राहून हंबरत होती. थांबायची, कान टवकारायची, पुन्हा हंबरायची. तिची कास इतकी भरली होती की दूध आपोआप खाली मातीत ठिबकत होतं. आणि ताई, ती हंबरली की माझा ब्लाउज ओला होत होता. मी छातीवर हात दाबून उभी होते. आम्ही दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना.

तेवढ्यात तू पेला घेऊन आलीस. कोमट, फेसाळ. “पी, अंगात ताकद येईल,” म्हणालीस.

मी तुला कसाई समजले नाही. शपथ घेऊन सांगते. मी तुझ्याकडे पाहिलं ते तुला सगळं दिसावं म्हणून पाहिलं. आईकडे पाहावं तसं. पण तुला दिसलं नाही, आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. दूध सोडलं. सगळंच सोडलं. बोलून गेले आणि मग कळलं की हे खरंच आहे. तो पेला ज्याचा होता ते पलीकडच्या शेडमध्ये होतं. माझं दूध ज्याचं होतं ते तर कुठंच नव्हतं.

मालकीणबाई म्हणतात, दुःख ओसरलं की पुन्हा लोण्याकडे याल. मला नाही वाटत. सुरुवात तिथून झाली, पण आता हे माझं आहे. तुझ्यावर लादणार नाही. तुझ्या गाई तुझ्या.

आता जे विचारायला हे पत्र लिहितेय ते. मला त्या दिवशी गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. शुद्धीवर आले तेव्हा सगळं आवरलं होतं. हा म्हणतो, त्याचं धाडस झालं नाही, तो जिन्यात बसून होता. पण तू आत गेली होतीस, असं तो परवा बोलून गेला. ताई, तू तिला पाहिलंस. मी नाही पाहिलं. रस्त्यात कुणाचंही बाळ दिसलं की मी त्याच्यावरून तिचं तोंड बनवायला बघते, आणि बनत नाही.

ती कशी होती?

धाकटी


३ ऑक्टोबर

माझ्या पोरी,

मी विसरले नव्हते. मला गप्प बसायला सांगितलं होतं, म्हणून बसले. मला वाटलं, पोटभर खाऊ घातलं की तू सावरशील. मला दुसरं येतंच काय? तारेवरचे टॉवेल मी पाहिले होते. मला वाटलं, रडून पुसतेस.

आता ऐक. ती लांबुडकी होती. केस भरपूर, काळे, ओले. उजव्या कानाची पाळी आईसारखी दुमडलेली. बोटं लांब, नखं वाढलेली. ओठ तुझे. रुसून बसलीस की करतेस तसे. अंगावर कुठं ओरखडासुद्धा नव्हता. झोपलेली वाटत होती म्हणतात तसं नाही म्हणणार मी, तुला खोटं नको असेल. पण सुंदर होती. नर्स म्हणाली, लवकर करा. मी म्हटलं, तुम्ही बाहेर थांबा. तिला मांडीवर घेतलं. नीट पुसलं. टोपी घातली, ती मोठी झाली, कपाळावर येत होती, म्हणून दोनदा वर सरकवली. टोपी शोधू नकोस आता. ती तिच्याबरोबर आहे.

तिच्याशी बोललेसुद्धा मी. काय बोलले ते कागदावर उतरत नाही, समोर बसूनच सांगता येईल.

ठिपकीचं वासरू आता मोठं झालंय. तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला दोरीला धरून तिच्याकडे घेऊन गेले. तिनं हुंगलं आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं. ओळखलं की नाही, मला कळलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून वेगळं लिहिणार होते, पण नाही लिहीत. गाई मी विकणार नाही, हेही आताच सांगते. दुसरं पोट भरायचं साधन मला नाही. पण त्या फाटकापाशी मी परवा बराच वेळ उभी होते.

शुक्रवारच्या बसनं येते. शेजारचे निवृत्त पोस्टमन धारा काढतील. गाईंना त्यांचे हात गार लागतात, सोसतील दोन दिवस. तुझ्याकडे जे शिजेल ते खाईन. कुरकुर करीन, पण खाईन. जावयांनाही रजा घ्यायला सांग. ते जिन्यात बसले होते, त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नाही. दोघांना एकदमच सांगते.

आणि तिचं नाव काय ठेवणार होतात, ते मला सांगा. इतके महिने मी तिला मनात ‘ती’ म्हणतेय.

तुझी ताई,
तिची मावशी