उदगीरचा नाका

अहो,

भाकरी आन वरण झाकून ठेवलंय. पोरीला संगं घेऊन मी माहेरी उदगीरला जायलेय. ती आता चालायलीय, ते आप्पांनी अजून बघितलं न्हाई.

लॉकडाऊन लागल्यापास्नं तुम्ही एकच सांगायलाव, सीमेवर कमलनगरच्या नाक्यावर पोलीस महाराष्ट्रात सोडंनात. मी ऐकत आले. पण इथं आपल्या नौबादच्या चौकात तुम्हीच लोकांसंगं भांडत होता की, दुकानं उघडली, बाजार उघडला, आता माणसांना किती कोंडून ठेवणार? मग माझ्या माहेरचा रस्ता तेवढा कामून बंद?

काल शेजारच्या प्रयागअक्का उदगीरहून जीपनं आल्या. म्हणाल्या, "नाका तर कधीचा उघडलाय गं, कुणी इचारीत बी न्हाई." मी आप्पांचं इचारलं, तर पदर सारखा करीत उठून गेल्या.

माय फोनवर रोज म्हणती, आप्पा झोपलेत. सकाळी बी झोपलेत, संध्याकाळी बी झोपलेत. काल रात्री मी म्हणलं, "उठव त्यांना, मला बोलायचंय." तिनं फोनच ठेवला. तुम्ही समोर जेवत होता. काय झालं म्हणून इचारलं न्हाई, अर्ध्या ताटावरून उठलात.

माझ्या काळजीनं तुम्ही सगळ्यांनी मिळून काही लपवलं असंल, तर त्याचं आपण नंतर बोलू. मला गाठायला येऊ नका. फोन घरीच ठेवलाय, म्हंजी वाटंत कुणी काही सांगायला नको.

माय दारात आली की आधी तिच्या कपाळाकडं बघीन. मग मला कुणालाच काही इचारावं लागणार न्हाई.

महानंदा