मालिनीचं आंबोण आणि गुलाबाचं खत

राजूर, ता. भोकरदन
३ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षा हिस आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उशीर झाला. पेनात शाई भरली आणि मंग आठवलं की चष्मा गोठ्यात राहिला. तो दोन दिवसांनी मालिनीच्या दावणीत सापडला. तिनं तो खाल्ला न्हाई, तेव्हा तिला वाचनाची गोडी नसावी.

इकडे सगळे खुशाल. तुझा बाप रामप्रसाद हरभऱ्यात गुंतलाय. म्हशीचं नाव कोणत्या वर्गातल्या पोरीवरून ठेवलं, असं तुझी आजी अजून विचारते. मालिनी हे कवितेतल्या वृत्ताचं नाव आहे, सातवीत गुरुजी ते बाकावर बोटं वाजवून शिकवायचे, हे सांगून मी थकलो. तिचा विश्वास बसत न्हाई. म्हशीचाही बसलेला दिसत न्हाई.

मालिनी आता भाकड झाली. दोनदा प्रयत्न करूनही गाभण राहिली न्हाई. रामप्रसाद म्हणतो, कल्याणशेठ व्यापाऱ्याला देऊन टाकू. कल्याणशेठच्या म्हशी तुझ्याच कारखान्यात येतात. तू मांसाच्या कारखान्यात जनावरं तपासणारी डॉक्टर आहेस, हे आपण घरातच ठेवलंय बरं का. गल्लीत आजीनं सांगितलंय की तू दूध तपासतेस. मीही मान हलवली.

मालिनी सुधारावी म्हणून मी मात्र खटपट केली. गुलाबासाठी जालन्याहून हाडांच्या चुऱ्याची गोणी आणली होती. त्या खतानं गुलाब असा फुलला की वाटलं, हे म्हशीला का मानवू नये. दिवाळीपासून रोज मूठभर चुरा तिच्या आंबोणात कालवतो. दूध वाढलं न्हाई, पण कालवताना एक कविता मात्र पुरी झाली. पुढच्या पत्रात पाठवीन, घाबरू नको.

माया आहे तेवढी पुरेशी आहे, पण थोडी जास्तीची चालेल.

तुझा,
आबा

८ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्या दिवशीच आजीला फोन करून सांगितलं की चुरा ताबडतोब बंद करा. कारण मात्र लिहूनच कळवते. फोनवर तुम्ही मध्येच कविता सुरू करता आणि माझं वाक्य बिचारं बाहेर उभं राहतं.

आबा, गोणीवर काय छापलंय ते वाचा. चष्मा लावून.

परदेशात गाईंना एक आजार झाला होता. मेंदूला चाळणीसारखी भोकं पडायची, जनावर लटपटायचं, बिथरायचं आणि मरायचं. म्हणून लोक त्याला वेड्या गाईचा आजार म्हणतात. गुरांना गुरांच्याच हाडामांसाचा चुरा खाऊ घातल्यानं तो पसरला. तसलं मांस खाऊन माणसंही गेली. आजार वर्षानुवर्षं अंगात गप्प बसतो, आणि शिजवून जात नाही. आपल्याकडे तो आढळलेला नाही. पुढेही आढळू नये म्हणून असलं खाद्य गुरांना घालायला बंदी आहे.

माझं काम तेच. प्रत्येक म्हैस आत जाण्याआधी मी तिला चालवून बघते. पाय अडखळला तर बाजूला. सोबत मालकाचा कागद लागतो, की हाडामांसाचं खाद्य कधी घातलेलं नाही. तो कागद माझ्या टेबलावर येतो, मी शिक्का मारते, तेव्हा गाडी पुढे सरकते.

मालिनीला काही झालं असेल असं मुळीच नाही. शक्यता मोहरीएवढीही नाही. पण तिला कल्याणशेठच्या गाडीत घालू नका.

मी दूध तपासते हे मला आजीकडून आधीच कळलं होतं. असू द्या.

गुलाबांना नमस्कार, मालिनीच्या मानेला खाजवणं. रागावले नाही, एवढं धरून चालावं.

आपली,
आकांक्षा

राजूर
१३ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षास आशीर्वाद. वि. वि.

गोणी वाचली. ‘फक्त झाडांसाठी, जनावरांस खाऊ घालू नये’ असं ठळक अक्षरांत छापलंय. तीन महिने मी त्याच अक्षरांवर वही टेकवून कविता करून राह्यलो होतो. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात तीस वर्षं काट्यावर बसलो, उसाच्या एका गाडीची पावती न वाचता सोडली न्हाई. आता बघ.

पण पोरी, घोटाळा झालाय. तुझा फोन यायच्या आदल्या दिवशी कल्याणशेठ येऊन गेल्ता. म्हैस माझ्या नावावर, कानातल्या बिल्ल्याचा नंबरही माझ्याच नावावर, म्हणून सही माझी. त्यानं कागद पुढं केला, मी केली. वाचला न्हाई. सहीतल्या ‘रा’चा फराटा छान जमला, त्या आनंदात होतो. येत्या तेवीस तारखेला, रविवारी, बाजारतळावरून गाडी निघते, शेठ तेव्हाच भेटणार.

रामप्रसाद म्हणतो मूठभर चुऱ्यानं काय होतंय. सांगायचं तर बाजारतळावर सगळ्यांसमोर सांगावं लागणार, की राधाकिसन आबानं म्हशीला गुलाबाचं खत चारलं. पोथीला बसलो तरी लोक हसतील. आणि हे कुणी सांगितलं, असं विचारलं की तुझं नाव घ्यावं लागणार. मंग दुधाचं काय?

कागद तुझ्याच टेबलावर येणार आहे. तू तो जरा कविमनानं बघावास, असं माझ्या मनात येऊन गेलं. येऊन गेलं म्हणून लिहिलं. एरवी मी एवढा धीट न्हाई.

आहे त्यात सांभाळून घ्यावं.

आबा

१७ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस नमस्कार. वि. वि.

त्या टेबलावर कविमनाला खुर्ची नाही.

मालिनीचा नंबर माझ्यासमोर आला तर मी ती म्हैस बाजूला काढीन. कारण लिहीन, आणि खोटा कागद कुणी दिला त्या रकान्यात तुमचं नाव लिहीन. आज तुमचा एक कागद सोडला, तर उद्या दुसऱ्याचा कोणत्या तोंडानं अडवू? खाणारा माणूस मला ओळखत नाही, आबा. तो फक्त शिक्का बघतो.

मी तिसरीत असताना कविता पाठ म्हणायचे आणि मधली एक ओळ गाळायचे. तुम्ही डोळे मिटून ऐकत असायचात. मला वाटायचं झोपलात. मग तसेच डोळे मिटलेले ठेवून म्हणायचात, पहिल्यापासून.

तेवढंच सांगायचं होतं.

आपली,
आकांक्षा

राजूर
२४ फेब्रुवारी २०२५

चि. आकांक्षास आशीर्वाद. वि. वि.

काल सकाळी बाजारतळावर गेलो. गाडी उभी होती, मालिनी गाडीत चढायच्या फळीपाशी, आणि गणपतीच्या दर्शनाला आलेली निम्मी माणसं चहा पीत. मी कल्याणशेठला म्हणालो, माझा कागद वापस दे. त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं, पण चुऱ्याचा भाग गाळून. त्याला काही कळलं न्हाई. कुणालाच न्हाई.

मंग मी डोळे मिटले आणि पहिल्यापासून सांगितलं. गोणी, गुलाब, आंबोण, वहीखाली झाकलेली अक्षरं, न वाचता केलेली सही. हसले ना, बिलकुल हसले. अंगद चहावाल्यानं विचारलं की आता मालिनीला कळ्या कधी येणार. मीही हसलो, कारण प्रश्न बरा होता. कल्याणशेठनं मात्र हसण्याआधी फळी बाजूला केली. म्हणाला, गेटावर सापडली असती तर माझी आख्खी गाडी अडली असती.

शेजारच्या कौसल्यानं विचारलं, आबा, हे शिकवलं कुणी? तिथं पुन्हा गाळायचा मोह झाला. पण ती ओळ गाळून चाललं नसतं. सांगितलं, की आमची आकांक्षा मांसाच्या कारखान्यात डॉक्टर आहे, आणि नातीच्या हातून अडण्यापेक्षा मी इथंच अडलो. कौसल्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. मंग म्हणाली, म्हंजी दूध न्हाई तपासत? मी म्हणालो, न्हाई. हे गावभर होणार हे जाणून म्हणालो.

कागद फाडला. सही चांगली होती, एवढंच दुःख. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बिल्ल्याचा नंबर टिपून घेतला. मालिनी आता विकायची न्हाई, जगेल तितकी गोठ्यातच राहील. रामप्रसाद काल दिवसभर फुगून होता, पण आज कडबा त्यानंच टाकला. मी रोज सकाळी तिला अंगणात चालवून बघतो. पाय अडखळत न्हाई. माझाच अडखळतो.

हे लिहून राह्यलो तर आजी शेजारी येऊन बसली. म्हणते, तिला लिव्हा, की सकाळी पाण्यावर बायकांनी मला विचारलं, दुधाचं खोटं कशाला सांगितलं. मी म्हणलं, चूक झाली. आमची पोरगी दारात उभी राहती, आन् सख्ख्या आज्याची म्हैस असली तरी आत सोडत न्हाई.

कविता सोबत पाठवतो. यावेळी गोणीवर न्हाई लिहिली. आमच्यावरची माया अशीच तपासून, शिक्का मारून पाठवत जावी.

तुझा,
आबा